बिनभाड्याचें बिऱ्हाड

पुण्याच्या शनिवार पेठेंत ज्यांचें बालपण वाड्यांत गेलें, अशा श्रोत्यांना वाड्यांतील बिऱ्हाडांची यादी आजहि तोंडपाठ म्हणून दाखवितां येईल. दिंडीदरवाजांतून आंत शिरलें कीं डाव्या हातास मास्तरांचें बिऱ्हाड, उजवीकडे वैद्यांचें, चौक ओलांडला कीं मालकांचा सोपा, माडीवर दोन बिऱ्हाडें, आणि मागच्या परसांत विहिरीशेजारीं आणखी एखादें. या यादींत एक बिऱ्हाड मात्र नेहमी सुटतें. तें भाडें देत नसे, त्याच्या नांवें पावती फाटत नसे, आणि मालकांनीं कितीहि कुरकुर केली तरी जागा सोडीत नसे. माळवदाच्या तुळयांत, कौलांखालच्या सांदींत, देवघराजवळच्या तसबिरीमागें, नाहीं तर विजेच्या मीटरच्या पेटीवर त्याचा संसार मांडलेला असे. दुपारीं घरांतील मंडळी लवंडली म्हणजे ओसरीवर त्याचा कलकलाट सुरू होई. आणि आरशांत दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशीं झुंजण्यांत त्यांतील यजमान तास तास घालवीत. हें बिऱ्हाड म्हणजे चिमणीचें.

वाडे गेले. कांहीं जीर्ण झाले म्हणून गेले, कांहीं भाऊबंदांच्या वाटण्यांत गेले, आणि नदीकांठच्या पेठांतील पुष्कळसे एकाच दिवसांत गेले. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें व त्यामागोमाग खडकवासल्याचें फुटलें. मुठेचें पाणी शनिवार, नारायण, कसबा इत्यादि पेठांत शिरलें, आणि मातीच्या व कच्च्या विटांच्या भिंती त्या पाण्यांत विरघळल्या. त्यानंतर जीं घरें उभीं राहिलीं तीं बहुशः सिमेंट-काँक्रीटचीं. पुराची धास्ती घेतलेल्या माणसानें पक्कें घर मागावें यांत वावगें कांहींच नव्हतें. मातीच्या भिंतीबरोबर आणखी कोण बेघर झालें, याची नोंद पंचनाम्यांत होण्याचें अर्थात् कारण नव्हतें.

चिमणी ही झाडावर घर बांधणाऱ्या पक्ष्यांपैकीं नव्हे. क्वचित् दाट काटेरी झुडुपांत तिचें घरटें आढळतें. पण तिला खरी आवड पोकळीची, सांदीची, वळचणीची. सुगरणीसारखें विणकाम तिला येत नाहीं. गवताच्या काड्या, दोऱ्यांचे तुकडे, कापूस, पिसें, सांपडेल तें ती एखाद्या भोंकांत कोंबते आणि त्यालाच घर म्हणते. असला ओबडधोबड संसार भिंतींत भोंक असेल तरच टिकतो. जुन्या वाड्यांत तुळई व भिंत यांच्यामध्यें, खुंटीच्या वरतीं, गवाक्षाच्या चौकटींत अशीं भोंकें शेकड्यांनीं असत. गवंड्यानें तीं कांहीं चिमणीसाठीं ठेवलेलीं नसत, तीं आपसूक राहत. नव्या इमारतीच्या भिंतीला असें आपसूक राहिलेलें कांहीं नसतें. गुळगुळीत गिलावा, सरकत्या काचा, डांसांची जाळी, आणि जेथें जेथें थोडी फट दिसेल तेथें भरलेला मसाला. पेठेंतून चिमणी अगदींच नाहींशी झाली असें नव्हे. जेथें एखादा जुना वाडा तग धरून आहे, जेथें वाण्याच्या दुकानापुढें चार दाणे सांडतात, तेथें ती अजून दिसते. पण वाड्यावाड्यांतून ती पूर्वी बिऱ्हाडकरू होती आणि आतां पाहुणी झाली आहे, एवढें कोणीहि मान्य करील.

लहान मुलांच्या गोष्टींतील चिमणीचें घर मेणाचें असतें व कावळ्याचें शेणाचें. पावसांत शेणाचें घर वाहून जातें आणि कावळा चिमणीच्या दारांत येऊन उभा राहतो. मराठी घरांतील मूल ही गोष्ट ऐकल्यावांचून मोठें होत नाहीं. तिच्या नांवाचा घास खाल्ल्यावांचून तर त्याचें जेवणहि पुरें होत नसे. आज प्रत्यक्षांत कावळ्याचें बरें चाललें आहे; उंबरठ्याबाहेर उभें राहण्याची पाळी चिमणीवर आली आहे.

याच मुलांना आज दुसरा एक पक्षी फार चांगला ठाऊक असतो. सुटींत मुंबईस गेलें म्हणजे भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानांत पेंग्विन पाहिल्याशिवाय तीं परत येत नाहींत. जुलै २०१६ मध्यें दक्षिण कोरियांतून हंबोल्ट जातीचे आठ पेंग्विन तेथें आणण्यांत आले व मार्च २०१७ पासून ते लोकांना पाहावयास मिळूं लागले. हा पक्षी मूळचा पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावरचा. त्याच्यासाठीं यंत्रानें थंड ठेवलेलें काचेचें दालन लागतें. मुलांना तो आवडतो, आणि आवडावाहि. पण तेंच मूल घरीं आल्यावर त्याला चिमणा कोणता व चिमणी कोणती असें विचारून पाहावें. डोक्यावर राखी टोपी, डोळ्यामागून मानेपर्यंत तांबूस पट्टा, पांढरे गाल आणि गळ्याखालीं काळा रुमाल बांधल्यासारखा डाग, तो चिमणा. हें कांहींच नाहीं, नुसता मातकट तपकिरी वेष व डोळ्यावरून गेलेली फिकट रेघ, ती चिमणी. दोघांची लांबी वीतभराहूनहि कमी, सुमारें १५ सेंटिमीटर, आणि वजन बहुधा २५ ते ३० ग्रॅम. चार हातांवर जन्मभर वावरलेल्या प्राण्याचा हा एवढासा तपशील पुष्कळ मोठ्या माणसांनाहि सांगतां येत नाहीं.

पेंग्विनचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. न्यूझीलंडांत ओमारू म्हणून समुद्रकांठचें गांव आहे. पेंग्विनांतील सर्वांत लहान जात, उंचीनें जेमतेम फूटभर, वजनानें किलोभर, रंगानें निळसर, ती त्या किनाऱ्यावर रात्रीं समुद्रांतून वर येते. गांवाशेजारच्या एका जुन्या दगडखाणींत हे पक्षी घरें करूं लागले. तेव्हां गांवकऱ्यांनीं खाण साफसूफ केली आणि तेथें लांकडी पेट्या मांडल्या; पेंग्विन त्या पेट्यांत अंडीं घालूं लागले. माणसानें जागा घेतली तर माणसानेंच थोडी परत द्यावी, इतका साधा हा व्यवहार आहे, आणि त्यासाठीं काचेचें दालन लागलें नाहीं. आपल्या अंगणांतल्या पाखराला हाच न्याय लावावयाचा तर लांकडाच्या चार फळ्या पुरतात.

मनुष्य व चिमणी यांचा संबंध किती जुना आहे याविषयीं २०१८ सालीं एक मनोरंजक संशोधन प्रसिद्ध झालें. मध्य आशियांत चिमणीची एक उपजात आहे. ती माणसाच्या वस्तीजवळ राहत नाहीं, रानांत राहते व थंडींत स्थलांतर करते. तिच्या व आपल्या घरचिमणीच्या जनुकांची तुलना शास्त्रज्ञांनीं केली. दोघींची फारकत सुमारें अकरा हजार वर्षांपूर्वीं, म्हणजे माणूस शेती करूं लागला त्या सुमारास झाली असें दिसलें; आणि पिष्टमय अन्न पचविण्याशीं ज्याचा संबंध आहे अशा एका जनुकांतहि घरचिमणींत फरक पडलेला आढळला. मनुष्यानें धान्य पेरलें, साठविलें, सांडलें. चिमणीनें तें खाण्याजोगें आपलें पोट बनविलें. कुत्र्यासारखें तिला कोणीं पाळलें नाहीं, कबुतरासारखें खुराड्यांत ठेवलें नाहीं. ती आपण होऊन आली आणि राहिली.

हें सांडलेलें धान्य आज कोठें आहे? वाड्याच्या चौकांत वर्षाचें धान्य उन्हांत घातलेलें असे. दुपारीं बायका सुपांतून तांदूळ पाखडीत, गहूं निवडीत, आणि जें बाजूला पडे तें कण्या-कोंड्याचें धन चिमणीचें असे. आज पिठाची व तांदळाची बंद पिशवी दुकानांतून स्वयंपाकघरांत येते. तिच्यांत निवडण्यासारखें कांहीं नसतें. सूप हें आतां पुष्कळ घरांत दिवाळींतल्या शोभेचें उरलें आहे. यांत गृहिणीचे श्रम वाचले, आणि ते वाचलेच पाहिजे होते. मात्र एकाच्या श्रमांवर दुसऱ्याचें पोट कसें चाललें होतें, हें ते श्रम थांबल्यावर कळलें.

तथापि दाणे टाकले म्हणजे काम झालें असें समजणारे लोक अर्धीच गोष्ट पाहतात. पूर्ण वाढलेली चिमणी दाण्यावर जगते. तिच्या पिलांना दाणे पचत नाहींत. अंड्यांतून बाहेर पडल्यावर पहिले कांहीं दिवस पिलांना मऊ किडे लागतात: अळ्या, मावा, लहान नाकतोडे, कोळी. आईबाप दिवसभर खेपा घालून हे जिन्नस आणतात. परसांतलें कर्दळीचें बेट, तुळशीवृंदावन, मेंदीचें कुंपण, विहिरीजवळचा आळू, हीं सर्व ठिकाणें चिमणीच्या दृष्टीनें पिलांच्या दुधाचीं भांडीं होतीं. परस गेलें, त्यावर फरशी आली, फरशीवर मोटारी उभ्या राहिल्या. जेथें चार कुंड्या आहेत तेथेंहि शोभेचीं परदेशी झाडें व वर औषधाची फवारणी. इंग्लंडांतील लेस्टर शहरांत झालेल्या अभ्यासांतहि हेंच आढळलें कीं, जेथें पिलांना पुरेसे किडे मिळत नाहींत तेथें पिलें अशक्त निपजतात व घरट्यांतच मरतात. बिस्किटाचा चुरा, फरसाण, शिळा तिखट भात असलें अन्न प्रेमानें ठेवणाऱ्यांनीं तें प्रेम एका कुंडींत झेंडू, तुळस किंवा बाजरीचीं चार ताटें लावून दाखवावें. कुंडीवर औषध मारूं नये, एवढेंच पथ्य.

चिमण्या कमी कां झाल्या, या प्रश्नाला शहरांत एक ठरीव उत्तर मिळतें: मोबाइलचे मनोरे. हें उत्तर लोकप्रिय होण्याचें कारण उघड आहे. मनोरा दुसऱ्याच्या गच्चीवर असतो, त्याचें भाडें दुसऱ्याला मिळतें आणि त्याविरुद्ध अर्ज करतां येतो. परंतु मनोऱ्यांमुळेंच चिमण्या नाहींशा झाल्या असें ठामपणें म्हणण्याजोगा पुरावा पुढें आलेला नाहीं. मनोरे उभे राहण्याच्या कितीतरी आधीं लंडनसारख्या शहरांत चिमण्यांची संख्या उतरणीस लागली होती, हें पुढें दिसेलच. बंद केलेल्या फटी, गेलेलें परस, पिशवींतलें धान्य, हीं कारणें कमी चमत्कारिक आहेत, आणि तीं आपल्याच घरांतलीं आहेत.

एका बाबतींत मात्र श्रोत्यांचें समाधान केलें पाहिजे. चिमणी ही जगांतून नष्ट होत चाललेली जात नव्हे. देशभरच्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० सालीं भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. सबंध देशाचा विचार करतां गेल्या पंचवीस वर्षांत चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे, पण मुंबई, दिल्ली, बंगळूर यांसारख्या मोठ्या शहरांत ती घटत आहे, असें त्यांत नमूद आहे. म्हणजे खेड्यांतून, शेतांतून चिमणी आहे. ती आपल्या शेजारची गेली आहे. दिल्ली राज्यानें २०१२ सालीं चिमणीला राज्यपक्षी ठरविलें तें याच जाणिवेनें. येथें धोक्यांत आहे तो शहरांतल्या मुलाचा व चिमणीचा शेजार. शहरांतील मुलाला सर्वांत प्रथम ओळखूं येणारा, भिंतींत घर करणारा, त्याच्या डोळ्यांदेखत अंडीं घालून पिलें वाढविणारा रानटी प्राणी म्हणजे चिमणी होती. पाळीव नसलेला जीवहि आपल्याशेजारीं राहूं शकतो, हा धडा तिच्याकडून मिळे, आणि तो देणारा दुसरा कोणी तेथें आलेला नाहीं. कबुतर आलें आहे हें खरें; पण ज्यांच्या सज्जांत तें आलें आहे त्यांना विचारलें असतां तो शेजार कितपत सुखाचा आहे हें तेच सांगतील.

मुलांनीं या कामीं काय करावें, हा खरा विषय. प्रथम मोजावें. हें सांगतांना लंडनच्या केन्सिंग्टन उद्यानाचें उदाहरण देण्याजोगें आहे. १९२५ सालीं मॅक्स निकल्सन नांवाच्या एकवीस वर्षांच्या तरुणानें आपल्या भावास बरोबर घेतलें आणि त्या उद्यानांतील चिमण्या एकेक करून मोजल्या. त्या २,६०३ भरल्या. कोणत्याहि सरकारी खात्यानें हें काम सांगितलेलें नव्हतें. किंबहुना त्या काळीं चिमण्या मोजणें हा रिकामपणाचा उद्योगच वाटला असेल. १९४८ मध्यें पुन्हां मोजणी झाली तेव्हां ८८५ निघाल्या. १९७५ सालीं ५४४, १९९५ सालीं ४६, आणि २००० सालीं अवघ्या ८. निकल्सन त्यावेळीं हयात होते. ज्या पोरवयांतल्या मोजणीला कोणीं महत्त्व दिलें नसतें, तिच्यामुळेंच पाऊणशें वर्षांनंतर किती गमावलें हें आंकड्यांनीं सांगतां आलें. पुढें २००२ सालीं ब्रिटनमध्यें चिमणीचें नांव सर्वाधिक चिंताजनक पक्ष्यांच्या तांबड्या यादींत घालण्यांत आलें.

शनिवार पेठेंत हें करावयास अवजड साहित्य नको. एक वही, एक पेन्सिल आणि रविवारच्या सकाळचीं पंधरा मिनिटें. ओंकारेश्वरापासून घाटापर्यंत, शनिवारवाड्याच्या तटाकडेनें, किंवा आपल्याच गल्लींत दोन टोकांच्या मध्यें एक ठराविक वाट आंखून घ्यावी. चिमणे किती, चिमण्या किती, चोंचींत गवत आहे कीं अळी, कोणत्या भिंतींत शिरतात, तारीख, वेळ, ऊन कीं आभाळ, एवढें लिहावें. चोंचींत अळी दिसली तर जवळपास पिलें आहेत हें मुलांना आपोआप समजतें, आणि मग तीं भिंत शोधल्याशिवाय राहत नाहींत. दर फेब्रुवारींत जगभरचे लोक घराभोंवतालचे पक्षी मोजतात, त्यांत भारतांतील हजारों माणसें व शाळाहि भाग घेतात. महाराष्ट्र शासनानें २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी-सप्ताह ठरविला आहे; पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा आणि शेवटचा सलीम अली यांच्या जन्माचा. २० मार्चचा चिमणीदिन २०१० पासून साजरा होतो, आणि त्याची कल्पना निघाली ती आपल्याच नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या प्रयत्नांतून. मुलांच्या दृष्टीनें त्या दिवसांत एकच दोष आहे, कीं तो वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येतो. भाषण होतें, पेटीला फीत लावून टाळ्या होतात, आणि पेटी पश्चिमेच्या उन्हांत टांगून सर्व जण गणिताच्या उजळणीस लागतात. त्या उन्हांत पिलें भाजून निघतील हें सांगावयास कोणी राहत नाहीं. म्हणूनच दिनापेक्षां वही बरी.

सलीम अली यांचें नांव आलें आहे, तर त्यांच्या बाळपणाची हकीकत मुलांना सांगितलीच पाहिजे. तेहि प्रथम चिमण्यांचे मित्र नव्हते. मुंबईस मामांच्या घरीं वाढणारा हा दहाबारा वर्षांचा मुलगा छऱ्याच्या बंदुकीनें चिमण्या टिपीत असे. एके दिवशीं पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हें मामांना सांगतां येईना. त्यांनीं मुलाला चिठ्ठी देऊन १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडलें. तेथील चिटणीस मिलर्ड यांनीं मुलाला हांकलून दिलें नाहीं, कीं हिंसेवर व्याख्यानहि दिलें नाहीं. ती रानचिमणीची पिवळ्या कंठाची जात आहे हें त्यांनीं सांगितलें, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडों पक्षी दाखविले, वाचावयास पुस्तकें दिलीं. ही गोष्ट १९०८ च्या सुमाराची. त्या मुलानें पुढें अलिबागेजवळच्या किहीम येथें सुगरणींचा अभ्यास केला, १९४१ सालीं भारतीय पक्ष्यांवरील आपलें प्रसिद्ध पुस्तक लिहिलें, आणि १९८५ सालीं आत्मचरित्र लिहिलें तेव्हां त्याचें नांवहि त्या पडलेल्या चिमणीवरून ठेवलें. घरांतील एखादा मुलगा गलोल घेऊन फिरत असेल तर त्याची गलोल काढून घेणें सोपें आहे. त्याच्या प्रश्नाचें उत्तर ज्याला ठाऊक आहे अशा माणसाकडे त्याला पोंचविणें कठीण, पण मिलर्ड यांनीं तेंच केलें.

मुलांचा उत्साह दोन्हीं बाजूंनीं वापरतां येतो, याचें एक उदाहरण चीनमध्यें घडलें. १९५८ सालीं तेथील सरकारनें उंदीर, माशा, डांस आणि चिमण्या या चौघांना राष्ट्राचे शत्रु ठरविलें. चिमण्या धान्य खातात, हा त्यांचा अपराध. शाळकरी मुलें व मोठीं माणसें थाळ्या-डबे बडवीत रस्त्यांत उतरलीं. चिमण्यांना कोठेंच बसूं द्यावयाचें नाहीं, त्या उडून उडून थकून पडेपर्यंत. घरटीं उध्वस्त केलीं, अंडीं फोडलीं. अगणित चिमण्या मेल्या. त्या किती किडे खात होत्या हें मग शेतांत दिसलें, आणि १९६० सालीं चिमणीचें नांव यादींतून काढून तेथें ढेकणाचें घालावें लागलें. त्या मुलांचा दोष नव्हता. त्यांना चिमणी काय खाते हें अर्धेंच शिकविलेलें होतें.

मोजणीनंतर घर. लांकडी पेटी घरींच करावी. सुताराकडील उरल्या फळ्या चालतात. तळ सुमारें १५ सेंटिमीटर लांबरुंद, उंची थोडी अधिक, आणि वरच्या भागांत वाटोळें भोंक ३२ मिलिमीटरचें, म्हणजे सव्वा इंचाचें. हें माप काटेकोर असावें. भोंक मोठें झालें तर साळुंकी शिरते, आणि मग चिमणीसाठीं केलेली पेटी तिची होते. भोंकाखालीं बसावयास दांडी ठोकण्याची पद्धत आहे, ती चुकीची. चिमणीला दांडी लागत नाहीं, पण कावळ्याला ती उपयोगी पडते. आंतून रंग देऊं नये. तळाला दोनतीन बारीक छिद्रें असावींत. पेटी आठदहा फूट उंचीवर, वळचणीखालीं, मांजर पोंचणार नाहीं व दुपारचें ऊन लागणार नाहीं अशी पक्की बसवावी. वाऱ्यानें झुलणारी पेटी चिमणीला नको असते. चिमण्या समुदायानें राहणाऱ्या, म्हणून एकापेक्षां दोनतीन पेट्या थोड्या अंतरावर लावणें चांगलें. दाणापाणी पेटीला लागून ठेवूं नये. तेथें गर्दी झाली कीं अंड्यांवरची मादी बिथरते. पाणी उथळ मातीच्या पसरट भांड्यांत, रोज बदललेलें. शेजारीं एका तबकांत कोरडी माती ठेवल्यास आणखी चांगलें. चिमणी पाण्यांत न्हाते तितक्याच आवडीनें धुळींत न्हाते, आणि फरशीच्या गल्लींत तिला धूळच मिळत नाहीं.

पेटी लावल्यावर सर्वांत कठीण काम मुलांना करावयाचें असतें, तें म्हणजे कांहींच न करणें. आंत डोकावूं नये, अंडीं मोजूं नयेत, पिलूं खालीं पडलें तर तें दुधांत भिजविलेल्या पावावर वाढवूं नये. पिसें फुटलेलें पिलूं बहुधा उडावयास शिकत असतें आणि त्याचे आईबाप जवळच असतात. मांजरापासून दूर उंच जागीं ठेवलें कीं पुरे. पेटी वर्षभर रिकामीहि राहते. वहींत तेंहि लिहावें, आणि तरीहि कोणी आलें नाहीं तर दुसऱ्या भिंतीवर हलवावी. विणीचा हंगाम एकच नसतो. आपल्याकडे चिमणी जवळजवळ वर्षभर केव्हांहि घरटें करते.

पेठेंत याहून निकडीचा एक प्रसंग वरचेवर येतो. एखादा वाडा पाडून तेथें इमारत बांधावयाचें ठरतें. भाडेकरूंशीं बोलणीं होतात, कागदपत्र होतात, मंडळी सामान हलवितात, आणि पावसाळ्यापूर्वीं पाया भरावा म्हणून चैत्र-वैशाखांत पाडापाडीस आरंभ होतो. नेमकीं त्याच दिवसांत तुळयांत पिलें असतात. बिऱ्हाडकरूंना नव्या जागेची हमी लिहून मिळालेली असते. या एका बिऱ्हाडाचें नांव करारांत नसतें. येथें वाड्यांतील मुलांची वही कामास येते. कोणत्या खणांत, कोणत्या तुळईखालीं, कोणत्या दिवशीं चिमणी काडी घेऊन शिरली, हें त्यांनाच ठाऊक असतें. घरांतल्या वडील माणसांनीं ती वही घेऊन बांधणाऱ्याकडे जावें व दोन गोष्टी मागाव्या. पहिली अशी कीं नव्या इमारतीच्या पूर्वेकडच्या किंवा उत्तरेकडच्या भिंतींत, वरच्या छज्जाखालीं, चारसहा पोकळ विटा बसवाव्या. विलायतेंत अशा विटा तयार मिळतात, आपल्याकडे गवंड्याला भोंकाचें माप सांगितलें तरी पुरतें. दुसरी मागणी वेळेची. चिमणीचीं अंडीं ११ ते १४ दिवसांत उबतात व पिलें सुमारें १५ दिवसांत घरट्यांतून उडतात. म्हणजे अंडें घातल्यापासून सबंध एक महिना. सारा वाडा महिनाभर थांबविणें कोणालाहि परवडणार नाहीं. परंतु पाडण्याचें काम एका टोकापासून सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपतें, आणि ज्या सोप्यांत घरटीं आहेत तो सोपा सर्वांत शेवटीं घेतां येतो.